गाडीच्या दाराच्या तळातला चुरा आधी काढा
गाडीच्या दाराची फुटलेली काच घरच्या घरी बदलता येते असं म्हणतात, ते पटलं, पण फुटलेल्या काचेच्या चुऱ्याचा विषय राहिलाच. ही काच बहुतेक गाड्यांत टफन्ड (तापवून कडक केलेली) असते; फुटली की हरभऱ्याएवढे तुकडे होतात आणि बरेचसे दाराच्या पोकळीत पडतात. कोपरखैरण्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी आणि भावाने ट्रिम (दाराचं आतलं आवरण) काढून नवी काच बसवली, वर-खाली मस्त चालली. जूनच्या पहिल्या पावसात मात्र ब्रेक मारला की दारात पाणी डचमळायचं! तळाची निचऱ्याची भोकं चुऱ्याने बुजली होती.

त्यामुळे ट्रिम उघडी असतानाच व्हॅक्युमची नळी तळापर्यंत घाला, मग तांब्याभर पाणी ओतून खालून धार लागते का बघा. नाहीतर दार आतून गंजतं.