गाडी जुनी झाली म्हणून फक्त थर्ड पार्टी करावं का?

ए-३०२: नमस्कार मंडळी. माझ्या गाडीचा विमा पुढच्या आठवड्यात संपतोय. गाडी ११ वर्षांची, मी ७१ चा. गाडी निघते ती बँकेत, दवाखान्यात नाहीतर मुलीकडे जायला, आणि शेजारी बहुतेक वेळा सौ. असतेच. एजंट म्हणतो, फुल विमा कशाला, फक्त थर्ड पार्टी करून टाका. कुणाला यातलं कळत असेल तर सांगा.

डी-१०१: मीही थर्ड पार्टीच ठेवलंय काका. जुन्या गाडीचा क्लेम मिळून मिळून किती मिळणार?

बी-५०४: आणि वय जास्त म्हणून हप्ता पण जास्त लावत असतील ना? परदेशात तसं असतं.

सी-२०१: सविस्तर लिहितो. नोकरीभर अपघातग्रस्त गाड्यांचे सर्व्हे केलेत, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

आधी वयाचं. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनावर असतो, चालवणाऱ्याच्या वयावर नाही. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७, वर जीएसटी. पंचविशीतला असो की पंचाहत्तरीतला, आकडा तोच. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग कंपनी ठरवते. तिथे गाडीचं वय, आयडीव्ही (म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) आणि नोंदणीचं शहर बघतात. मुंबई-पुण्यासह आठ शहरं ‘अ’ झोनमध्ये आहेत, म्हणून इथे दर थोडा चढा. कंपन्यांच्या दरांत बराच फरक पडतो, तेव्हा दोन-तीन कोटेशन जरूर मागवा.

आता मुख्य मुद्दा, आणि ए-३०२ काका, हा तुमच्यासाठीच आहे. फक्त थर्ड पार्टी केलं की आपल्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे मिळणार नाहीत, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण खासगी गाडीत बसलेला माणूस हा त्या पॉलिसीत ‘थर्ड पार्टी’ धरला जात नाही. रस्त्यावरच्या माणसाला भरपाई मिळेल, तुमच्या शेजारी बसलेल्या काकूंसाठी मात्र ती पॉलिसी कामाची नाही. पॅकेज, म्हणजे आपण ज्याला फुल विमा म्हणतो, त्यात गाडीतल्या प्रवाशांची जबाबदारी येते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतही हा फरक स्पष्ट झालेला आहे. उतारवयात आपण एकटे क्वचितच बाहेर पडतो. म्हणून माझं ठाम मत, गाडी कितीही जुनी असो, पॅकेजच ठेवा.

ए-३०२: हे एजंटने सांगितलंच नाही! मग खर्च कमी कुठे करायचा?

सी-२०१: तुमची गाडी फार चालत नाही, तर किलोमीटरवर हप्ता ठरणारा पर्याय आहे का विचारा. २०२२ पासून विमा नियामकाने त्याला परवानगी दिलेली आहे. दुसरं, व्हॉलंटरी डिडक्टिबल घ्या. म्हणजे क्लेममधले ठरावीक पैसे आपण सोसायचे आणि त्याबदल्यात हप्त्यात सूट. आणि छोट्या ओरखड्यांसाठी क्लेम करू नका. पार्किंगच्या खांबाला घासून ६,००० चा बंपर गेला असं धरा. प्लॅस्टिकवर निम्मा घसारा, म्हणजे राहिले ३,०००. त्यातून प्रत्येक क्लेममध्ये आपण सक्तीने सोसायचे १,००० वजा. हातात २,००० येतात आणि क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, ५० टक्क्यांवर पोचलेला असला तरी शून्यावर येतो. तो बोनस ओन डॅमेजच्या हप्त्यावर असतो आणि गाडीचा नसून तुमचा असतो. गाडी विकून नवी घेतलीत तरी बरोबर नेता येतो. पॉलिसी संपून ९० दिवसांवर गेले तर मात्र जातो.

एक ठिकाणी अजिबात कपात करू नका. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाख असते. काही जण ती ६,००० वर आणून किरकोळ रक्कम वाचवून देतात. सिग्नलला पुढच्या महागड्या गाडीला धक्का लागला तर ६,००० त तिचा दिवा तरी येतो का?

बी-५०४: माझ्या बाबांचं लायसन्स संपायला आलंय. वय ७६. त्याचा विम्याशी संबंध येतो का?

सी-२०१: फार मोठा येतो. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांचंच मिळतं, आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र, फॉर्म १अ, लागतं. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत होती, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती राहिली नाही. संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर आपल्या गाडीचा क्लेम कंपनी नाकारते. समोरच्याची भरपाई आधी देऊन नंतर ती तुमच्याकडून वसूल करू शकते. मुदतीच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा थांबू नका. मालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही वैध लायसन्स असेल तरच चालतो, आणि तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याचाच. बाबांची गाडी तुम्ही चालवलीत तर तो तुम्हाला लागू नाही. तुमचा वेगळा अपघात विमा आहे का ते बघा.

ई-४०३: दादा, एक विचारू का? गाडी अजून ह्यांच्याच नावावर आहे. ह्यांना जाऊन दोन महिने झाले. मुलगा चालवतो. विमा डिसेंबरपर्यंत आहे, तोवर काही करायला नको ना?

सी-२०१: वहिनी, इथे घाई करायला हवी. मालक गेल्यावर पॉलिसी मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच चालते. म्हणजे तुमच्याकडे महिनाभरच आहे. आरटीओत आरसी तुमच्या किंवा मुलाच्या नावावर करायला टाका आणि विमा कंपनीला आजच लेखी कळवा. त्यांचा नो क्लेम बोनसही वारसाकडे येऊ शकतो, तो मागून घ्या. कागद घेऊन संध्याकाळी या, अर्ज मी भरून देतो.

ई-४०३: येते. मनापासून आभार.

ए-३०२: आता शेवटचं. रात्री दिसायला त्रास होतो, म्हणून लांब जाताना ड्रायव्हर बोलावतो. त्याचं काय?

सी-२०१: चांगलं करता. पगारी ड्रायव्हरची कायदेशीर जबाबदारी पॉलिसीत वेगळी जोडावी लागते. पन्नासेक रुपयांत होतं, पण मागितल्याशिवाय बहुधा कुणी जोडत नाही. त्याचं लायसन्स चालू आहे का ते बघा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

डी-१०१: काका, माझी थर्ड पार्टी अजून चार महिने आहे. मध्येच पॅकेज करता येईल?

सी-२०१: कंपनीला विचारा, बहुधा आधी गाडीची तपासणी करतील. तुमच्या घरच्या काकू रोज तुमच्याबरोबर बाजारात जातात, चार महिने थांबू नका.