सल्ला हवा: पात्रांमधून आशय उलगडेल असे ॲनिमेशनपट सुचवा (मुलांसाठी, नाशिक)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. पंचवटीतल्या आमच्या छोट्या वाचनालयात दर महिन्याच्या एका रविवारी आम्ही मुलांना सिनेमा दाखवतो. मुलं सहावी ते नववीची, बहुतेक मराठी माध्यमातली. सिनेमा संपला की थोडा वेळ गप्पा मारतो. यंदा फक्त ॲनिमेशनपट घ्यायचे ठरवलंय.

अडचण गप्पांची आहे. "काय वाटलं?" असं विचारलं की लगेच हात वर होतात आणि उत्तर येतं, "यातून मैत्रीचं महत्त्व कळतं." पुढच्या वेळी, "प्रयत्न सोडू नयेत." उत्तर चूक नसतं, पण सिनेमा न बघताही ते देता आलं असतं. शाळेत धड्याखाली तात्पर्य लिहायची सवय लागते, तीच इथे येते.

मला वाटतं, ॲनिमेशन यावर चांगला उतारा आहे. नटाचं नाक जसं असेल तसं असतं, पण चित्रातल्या माणसाचं नाकसुद्धा कुणीतरी ठरवून काढलेलं असतं. त्याची चाल, त्याची खुर्ची, त्याच्या हातातली वस्तू, सगळंच ठरवलेलं. म्हणून "हे असंच का काढलं असेल?" हा प्रश्न मुलांना हक्काने विचारता येतो. असे सिनेमे सुचवा, आणि जमलं तर त्यातलं एखादं दृश्यही सांगा. संवाद कमी असतील तर उत्तमच, कारण इंग्रजी सबटायटल वाचताना मुलांची नजर चित्रावर राहत नाही.

चित्रवेडी_सिडको

पिक्सारचा 'अप' (२००९) घ्याच. कार्ल आजोबांकडे नीट बघायला सांगा. चेहरा चौकोनी, चष्मा चौकोनी, बसायची खुर्चीही चौकोनी. त्यांची बायको एली गोलाकार रेषांत काढलीय. ती गेल्यावर घरात उरतात ते कार्लचे कोपरे. मग दारात येतो तो रसेल, अंड्यासारखा गोल पोरगा. दुःखाने आक्रसलेल्या माणसाच्या आयुष्यात पुन्हा कोणी शिरतंय, हे एका वाक्याशिवाय नुसत्या आकारांनी सांगितलंय.

आणि ते घर! फुग्यांनी उडणारं घर म्हणून मुलं हसतील, पण पुढे आजोबा ते घर दोरीने खांद्याला बांधून ओढत चालतात. शेवटाकडे रसेलला वाचवायला घर पुन्हा उडवायचं असतं आणि ते जड झालेलं असतं. तेव्हा आजोबा एकेक फर्निचर बाहेर फेकतात. ज्या वस्तूंना ते कुणाला हात लावू देत नव्हते, त्याच वस्तू. तिथे थांबवा आणि एवढंच विचारा, "आत्ता हे कसं काय जमलं त्यांना?" त्याआधी ते एलीची वही शेवटपर्यंत उलगडतात, उत्तर तिथे आहे. मुलं शोधतील.

पाथर्डीफाटा

संवादच नकोत तर 'फ्लो'. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोदिस यांचा २०२४ चा सिनेमा, ऑस्करही मिळालंय. एक मांजर, एक कुत्रा, एक कॅपिबारा (मोठ्या घुशीसारखा प्राणी), एक लेमूर (माकडाचा लांबचा भाऊबंद) आणि एक लांब पायांचा सेक्रेटरी पक्षी. पूर येतो आणि सगळे एका होडीत. शेवटपर्यंत कोणी माणसासारखं बोलत नाही.

नाशिकच्या मुलांना पूर समजावून सांगायची गरजच नाही. पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं, हे पावसाळ्यात घराघरात बोललं जातं.

सिनेमात प्रत्येक प्राण्याला स्वतःचं एक वेड आहे. लेमूर होडीतही आपल्या चकचकीत वस्तू टोपलीत जमवत बसतो, आरशात बघतो. कुत्र्याला कोणाची तरी सोबत हवी. कॅपिबारा निवांत. आणि मांजराला सुरुवातीला कोणीच नको असतं. एकदम पहिल्या दृश्यात ते पाण्यात स्वतःचं प्रतिबिंब बघतं, एकटंच. शेवटी पुन्हा पाण्यात बघतं तेव्हा कोण कोण दिसतं, ते मी इथे लिहीत नाही. मुलांना फक्त ही दोन दृश्यं लागोपाठ पुन्हा लावून दाखवा, तुमच्या अर्ध्या तासाच्या गप्पा त्यावर होतील.

शाळेतली_ताई

मी आठवीला शिकवते. गोदाकाठ, प्रश्न बदलून बघा. "काय शिकलो?" ऐवजी दोनच प्रश्न: या पात्राला सुरुवातीला काय हवं होतं? आणि शेवटी त्याने काय सोडलं? हे दोन्ही सांगता आलं की आशय मुलांच्या हातात आलेला असतो, त्याला नाव दिलं काय नि न दिलं काय.

यासाठी माझी पसंती 'इनसाइड आउट' (२०१५). अकरा वर्षांची रायली गाव सोडून सॅन फ्रान्सिस्कोला येते आणि तिच्या डोक्यातल्या पाच भावना म्हणजेच पात्रं. आनंद ताऱ्यासारखी, दुःख अश्रूच्या थेंबासारखं, राग विटेसारखा. आनंदला हवं असतं की रायलीने कायम हसावं. म्हणून ती दुःखाला एका कोपऱ्यात उभं करते आणि सांगते, इथून हलू नकोस.

मग बिंग बाँगचं दृश्य येतं. रायलीचा लहानपणीचा काल्पनिक मित्र, त्याची गाडी दरीत ढकलली जाते आणि तो मटकन खाली बसतो. आनंद त्याला गुदगुल्या करते, वेडीवाकडी तोंडं करते, काही उपयोग होत नाही. दुःख जवळ जाऊन बसते आणि म्हणते, तुला जे प्रिय होतं तेच गेलं. तो रडतो. रडून झाल्यावर उठतो आणि म्हणतो, चला. आनंद बघतच राहते. वर्गात मी हे दृश्य आधी आवाज बंद करून लावते आणि विचारते, कोण किती जवळ बसलंय? आनंद कायम समोर उभी, हलती. दुःख शेजारी, त्याच दिशेला तोंड करून. जी मुलं एरवी तोंड उघडत नाहीत, तीही यावर बोलतात. नववीच्या मुलांना तर हा सिनेमा दाखवायलाच हवा. ज्या वयात त्यांना "रडतोस काय?" म्हणून गप्प केलं जातं, त्याच वयात.

गंगापूररोड

नदीकाठच्या मुलांना 'स्पिरिटेड अवे' (२००१) दाखवल्याशिवाय राहू नका. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी. चिहिरो नावाची मुलगी देवांच्या न्हाणीघरात अडकते. तिथे एकदा चिखलाचा, घाणीचा डोंगर असा पाहुणा येतो, सगळे नाक धरून पळतात. चिहिरोला त्याच्या अंगात काहीतरी रुतलेलं दिसतं. दोर बांधून सगळे ओढतात, आधी एक सायकल निघते आणि मग तिच्या मागोमाग सगळा कचरा. आतून निघते ती नदी. मियाझाकींनी स्वतः नदीसफाईत सायकल ओढून काढली होती, तिथून हे दृश्य आलं. गोदावरीच्या रामकुंडावर वाढलेल्या पोराला याचा अर्थ कोणी सांगायला हवा का?

दुसरं पात्र म्हणजे मुखवटा घातलेला काओनाशी, ज्याला चेहराच नाही. तो बोलतो तेही गिळलेल्या बेडकाच्या आवाजात. न्हाणीघरात सगळ्यांना सोन्याची हाव, म्हणून तो सोनं वाटतो, खात सुटतो, फुगत जातो. तोच शेवटी एका शांत घरात गेल्यावर मुकाट्याने सूत कातत बसतो. सभोवताल जसा, तसा तो. हाव माणसात असते की जागेत, यावर मुलं भांडतील. भांडू द्या.

निवांत

वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण एक काळजी. कोणीतरी 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८) सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो. सिनेमा थोर आहे, पण सहावीच्या मुलांसमोर नको. युद्धात उपाशी मरणारी भावंडं बघून मुलं घरी जाऊन काय करतील, याची जबाबदारी आपली असते. त्याच वर्षीचा 'माय नेबर टोटोरो' दाखवा. आई इस्पितळात, दोन बहिणी नव्या घरात, आणि सिनेमात खलनायकच नाही. धाकटी मेई आईला द्यायचं म्हणून मक्याचं कणीस छातीशी धरून एकटीच निघते. भीती आणि माया त्या एका कणसात आहे.

आणि हो, वाचनालयात जाहीर खेळ करताना परवानगीचं बघून घ्या. घरच्या ओटीटी वर्गणीवर असा खेळ सहसा चालत नाही.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. परवानगीचा मुद्दा लिहून घेतला. पहिला 'फ्लो', मग 'अप', मग 'इनसाइड आउट', आणि मुलं सरावली की 'स्पिरिटेड अवे' असं ठरवतोय. ताई, आवाज बंद करून बघायची युक्ती पहिल्याच रविवारी वापरणार.

एक राहिलं. आपल्याकडचं काही?

चित्रवेडी_सिडको

गीतांजली राव यांचा 'प्रिंटेड रेनबो' (२००६). लघुपट आहे, संवाद नाहीत. एकटी म्हातारी, तिचं मांजर आणि काडेपेट्यांवरची चित्रं, ज्यांच्यात ती शिरते. तिची खोली राखाडी आणि काडेपेटीतलं जग रंगीत, एवढ्यावर सगळं सांगितलंय. 'अप'च्या आधी दाखवा, दोन एकटी माणसं शेजारी शेजारी ठेवता येतील.

पाथर्डीफाटा

आणि 'एक अनेक और एकता' (१९७४), विजया मुळे यांचा. दूरदर्शनवाल्या पिढीला तोंडपाठ आहे, आताच्या मुलांनी पाहिलेला नसतो. तिथे आशय गाण्यातच सांगून टाकलाय, त्यामुळे बाकीच्यांशी तुलना करायला छान.

गंगापूररोड

आपल्या जिल्ह्याचे दादासाहेब फाळके विसरू नका. जन्म त्र्यंबकेश्वरचा, आणि 'राजा हरिश्चंद्र' नंतर १९१३ मध्ये ते नाशिकलाच येऊन चित्रपट काढू लागले. त्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून त्यांनी पडद्यावर दाखवली होती, आणि १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' केली, काड्या हलवून. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे एकदा मुलांना नेता येईल.

पण त्याहून बरं, मुलांनाच करू द्या. फोन स्टँडवर लावायचा, गुल काढलेल्या पाच-सहा काड्या टेबलावर, फ्रेमगणिक जरा जरा हलवायच्या. मोफत स्टॉप मोशन ॲप मिळतात. विषय एकच द्या: यातली एक काडी एकटी पडलीय, हे दाखवा. काडीला तोंड नाही, डोळे नाहीत. मुलं आधी तिला लांब ठेवतील. मग लक्षात येईल की नुसतं लांब ठेवून भागत नाही, ती जवळ यायला निघाली पाहिजे आणि मध्येच थांबली पाहिजे. किती फ्रेम थांबवायची, यावरून गटात वाद होईल. तो वाद झाला की त्यांना पुढच्या सिनेमात काय बघायचं ते सांगावं लागणार नाही.

गोदाकाठ

हे पहिल्याच रविवारी, सिनेमाच्या आधी करतो. जुना फोन आणि स्टँड कोणाकडे पडून असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा, मी येऊन घेऊन जाईन.