आजोळच्या माळ्यावर चावीचा फोनो सापडलाय. वय कसं ओळखू आणि पावसाळ्यात कसा जपू?

हर्णैची लेक:

नमस्कार मंडळी. हर्णैजवळ आमचं आजोळ. मामा-मामी मुंबईला, घर बहुतेक वर्षभर बंदच असतं. २०२० च्या निसर्ग वादळात कौलं उडाली तेव्हा घाईघाईत छप्पर शाकारून घेतलं होतं, पण माळ्यावर कुणी फिरकलं नव्हतं. यंदा गणपतीआधी माळा रिकामा करायला घेतला, तर जुन्या कणगीमागे गोणपाटात गुंडाळलेली एक काळी पेटी मिळाली. आजीचा फोनोग्राफ!

आजी सांगायची, आषाढात पाऊस लागून राहिला की आजोबा पडवीत फोनो लावायचे आणि वाडीतली माणसं डोक्यावर इरली घेऊन ऐकायला यायची. मी तो कधी पाहिला नव्हता. मला वाटायचं कधीच विकला असेल.

पेटी सुटकेससारखी आहे, वर मूठ, उजव्या बाजूला चावीचं भोक. चावी आतच आहे. झाकणाच्या आत कुत्रा आणि भोंग्याचं चित्र. बाहेर कर्णा नाही. सुई बसते तो गोल भाग करड्या धातूचा आहे आणि त्याच्या पाठीला केसासारख्या चिरा दिसतात. सोबत ४३ तबकड्या, त्यातल्या अठरांवर पांढरी बुरशी.

मामा म्हणतो ओळखीच्या सुताराकडून पेटी पॉलिश करून घेऊ. एका जुन्या वस्तूवाल्याने फोटो बघून निरोप पाठवलाय की ही पेटी द्या, बदल्यात मोठ्या पितळी कर्ण्याचा चकचकीत ग्रामोफोन घ्या. माझं मन घेत नाही. चावी अजून फिरवलेली नाही. काय करू, काय करू नको, ते सांगा.

चावीवाला (राजापूर):

ताई, चावी फिरवली नाहीत हे फार बरं केलंत. आधी नावाचं सांगतो, कारण पुढे शोधताना उपयोग होईल. कोकणात सगळ्यालाच फोनो म्हणायची पद्धत आहे, पण फोनोग्राफ म्हणजे नळीवर वाजणारं यंत्र. एडिसनने १८७७ साली केलं ते. सपाट तबकडीवर वाजतो तो ग्रामोफोन, त्याचं पेटंट बर्लिनरने १८८७ साली घेतलं. तुमचा ग्रामोफोन आहे, आणि प्रवासी पेटीचा. अशा पेट्यांत कर्णा आत दडवलेला असतो.

वर्णनावरून हिज मास्टर्स व्हॉइस या कुत्र्याच्या छापाचं १०२ नंबरचं मॉडेल वाटतं. ते १९३१ पासून निघालं आणि पुढे बरीच वर्षं चाललं. त्याआधीचं १०१, साधारण १९२५ पासूनचं. साउंडबॉक्स बघा, म्हणजे तो करडा गोल भाग. पुढची पातळ चकती अभ्रकाची असेल तर बहुधा आधीचा. ॲल्युमिनियमची असून पाठीवर '५ए' किंवा '५बी' असेल तर १०२ शी जुळतं. मात्र साउंडबॉक्स सहज बदलता येतो, म्हणून एकट्या त्याच्यावर वय ठरवू नका.

आता त्या चिरा. हा जस्ताचा मिश्रधातू. ओतताना त्यात शिशाचा अंश राहिलेला असेल, तर दमट उबदार हवेत तो आतूनच कुरतडला जातो, फुगतो आणि तडकतो. आपल्याकडची हवा म्हणजे त्याला आमंत्रणच. हे परत फिरत नाही, फक्त सावकाश करता येतं. त्यामुळे त्याचा एकही स्क्रू पिळू नका, तो ज्या नळीला बसवलेला असतो तिच्यावरून ओढून काढू नका. पाठीमागचं रबर इतक्या वर्षांत दगड झालेलं असतं, ओढलं तर धातूच तुटून हातात येईल.

मोटर: चावी हलक्या हाताने दोन-तीन फेरेच देऊन बघा. काहीच जोर न लागता नुसती गरगरली तर स्प्रिंग तुटलेली आहे. अडली तर जबरदस्ती नको. आतल्या डब्यात पोलादी पट्टीची लांबलचक गुंडाळी दाबून बसवलेली असते. डबा उघडला की ती उसळते आणि हात कापते. ते काम माहीतगारालाच द्या. वाजवताना ठप ठप आवाज येऊन वेग हेलकावला, तर आतलं ग्रीस सुकलंय असं समजायचं. तिथे ग्रॅफाइटचं ग्रीस, आणि वेग धरणारी तीन वजनं फिरतात तिथल्या बुडांना शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. खोबरेल अजिबात नको. आपल्या घरांत मी हे पुष्कळदा पाहिलंय, बिजागरीला चालतं म्हणून इथेही घालतात. वर्षभरात ते चिकट होऊन सगळं जाम करतं.

कर्ली काठ:

ताई, ह्या माजा आयक. रेकार्डी उनात घालू नको. आमच्या घरात सुमारे तीस होते. पाऊस गेल्यार बापाशीन गोधडयांवांगडा रेकार्डीय खळ्यात उनात घातल्यान, वास जावचो म्हणान. दोन तासांनी बघतंव तर सगळे वाटयेसारखे वाकलेले. आज्याचा भजन होता त्यात. आमच्याकडे सगळाच उनात सुकवतत, पापड काय नि सोला काय, पण ह्येंका ता चलणा नाय.

तबकडी ७८:

अगदी बरोबर, आणि चुलीवरच्या फळीवरही ठेवू नका. ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, तबकडी मुळात लाखेची असते. लाख, दगडाची बारीक पूड, काजळी, थोडे कापसाचे तंतू. ही लाख आपल्याच देशातून जगभर जायची. लाख उष्णतेने मऊ होते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. ही दोन वाक्यं लक्षात ठेवलीत तर निम्मं काम झालं. स्पिरिट, कलोन, सॅनिटायझर, काचेचा स्प्रे यातलं काहीही तबकडीला लावायचं नाही. मी सुरुवातीला एका दुरुस्तीवाल्याच्या भरवशावर चार तबकड्या स्वच्छ करायला दिल्या होत्या. त्याने स्पिरिटने पुसून दिल्या. वरची चमक गेली आणि खाचांत नुसती खरखर राहिली. त्यातली एक पुन्हा कुठेही मिळाली नाही.

बुरशीसाठी असं करा. मास्क लावा, तबकड्या अंगणात सावलीत आणा. मऊ कोरड्या कुंचल्याने खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल गोल, झाडा. आडवं घासायचं नाही. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी धुण्याच्या सौम्य साबणाचे एक-दोन थेंब, मऊ सुती फडकं ओलं करून हलकेच पुसा. मधला कागद कोरडा राहिला पाहिजे. पुन्हा नुसत्या पाण्याने पुसा आणि लगेच टिपून रात्रभर पंख्याखाली उभ्या ठेवा. तडा गेलेल्या तबकडीला पाणी लावू नका, फटीतून आत गेलं की ती फुगते.

वय ओळखणं हा माझा आवडता भाग, म्हणून जरा लांबतो. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यात. गैसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक लंडनहून आला होता. गायिका गौहर जान त्या पहिल्या तुकडीतल्या. मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तबकड्या तिथून छापून यायच्या. तिकडच्या कामगारांना गाणारं कोण ते कळावं म्हणून गायक शेवटी स्वतःचं नाव पुकारायचे. अशी पुकार तुमच्या एखाद्या तबकडीत ऐकू आली तर ती जपून ठेवा. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदहजवळ कारखाना निघाला आणि छपाई इथेच होऊ लागली. म्हणून लेबलवर हॅनोव्हर असेल, एकाच बाजूला खाचा असतील, कुत्र्याऐवजी पंखांची देवदूत असेल, तर तबकडी फार जुनी.

पुढची खूण खाचा संपल्यावर लेबलाभोवती जी गुळगुळीत पट्टी असते तिच्यात. तिरप्या उजेडात धरा, कोरलेला आकडा दिसेल. हिज मास्टर्स व्हॉइसच्या आकड्यापुढे छोटा त्रिकोण असेल, तर ती मायक्रोफोनवर झालेली विजेची मुद्रणं, म्हणजे १९२५ च्या आधीची नक्कीच नाहीत. त्याआधी गायक थेट कर्ण्यात तोंड घालून गात. लेबलावरचा क्रमांक 'पी' ने सुरू होत असेल तर तो सहसा 'एन' वाल्यांच्या आधीचा. लेबल आणि कोरलेला आकडा यांचं जुळत नसेल तर पट्टीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवा. लेबलं पुढच्या छपाईत बदलत. आणि नुसतं ७८ आहे म्हणून शंभर वर्षांचं समजू नका, आपल्याकडे १९६० नंतरही या तबकड्या निघत होत्या.

हर्णैची लेक:

दुपारभर तेच करत बसले. साउंडबॉक्सच्या पाठीला '५बी' आहे. एकतीस तबकड्यांवर त्रिकोण, चारांवर काहीच नाही, बाकीच्यांचं वाचता येत नाही. बहुतेक 'एन', सहा 'पी'. एकाच बाजूची एकही नाही.

आणि एका पाकिटावर आजोबांच्या मोडी वळणाच्या अक्षरात शाईने लिहिलंय, 'श्रावण शके १८५४'. १८५४ मध्ये ७८ मिळवले की १९३२. आजी लग्न होऊन या घरात आली ते तेच वर्ष.

चावीवाला (राजापूर):

१९३१ नंतरची पेटी आणि १९३२ चं पाकीट, छान जुळतं. पण पाकिटं अदलाबदल होतात. ती तारीख आत कुठली तबकडी होती तिच्यासकट वहीत लिहून ठेवा, आणि अक्षराचा फोटो आजच काढा. शाईवर ओलं फडकं जाऊ देऊ नका.

माजघर:

मी तो बदली करणारा माणूस आहे, म्हणून लिहितो. आठ वर्षांपूर्वी घरची अशीच पेटी देऊन पितळी कर्ण्याचं यंत्र घेतलं. दिसायला दिवाणखान्यात शोभतं. नंतर जाणकाराने उघडून दाखवलं. लाकडाची अष्टकोनी पेटी नवी, वरून मळवलेली. कुत्र्याची पितळी पट्टी खिळ्यांनी ठोकलेली. कर्ण्याला जोडणारी वाकडी नळी जाड, ओबडधोबड. आणि आत मोटर कुठली? तुमच्यासारख्याच एका प्रवासी पेटीतली. ही नकली यंत्रं अशीच बनतात, साध्या काळ्या पेट्या फोडून त्यांची मोटर आणि साउंडबॉक्स काढून. कुणाच्या तरी आजोबांची पेटी माझ्या त्या यंत्रात मेली आहे, आणि माझ्या आजोबांची दुसऱ्या कुणाच्या. देऊ नका ताई.

पॉलिशचंही तेच. तुमच्या पेटीला लाकूड दिसतच नाही, बाहेरून रेक्झिनसारखं काळं कापड आहे. ते घासून काढून सुतार लाकूड उघडं पाडेल आणि पेटीचं मूळ रूप कायमचं जाईल. कोरडं मऊ फडकं पुरे. चमकणारे भाग निकेलचा मुलामा दिलेले असतात. चिंच, लिंबू, पितळेची भांडी घासायची पावडर लावली तर मुलामाच निघून येईल.

वेंगुर्ल्याचा मी:

मधेच विचारतो. माझ्याकडे यंत्र नाही, पण पुठ्ठ्याच्या डब्यात एक काळी नळी आहे, त्यावर एडिसनचं नाव. हिलाही पाण्याने पुसू का?

तबकडी ७८:

नको. १९०२ पासूनच्या साच्यात ओतलेल्या काळ्या नळ्या मेणासारख्या कठीण साबणाच्या असतात. त्यांची बुरशी मेणच खाते, पुसून ते भरून येत नाही. हाताचा घाम आणि ऊबही वाईट. बाहेरून धरू नका, आत दोन बोटं घालून बोटं हलकी फाकवा आणि उचला. निळी असेल तर सेल्युलॉइडची, १९१२ नंतरची, तिला इतका धोका नाही. डब्यातल्या कापसाला वास येत असेल तर कापूस बदला, डबा टाकू नका. मुंबईत १९९० पासून भारतीय रेकॉर्ड संग्राहकांची संस्था आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. नळी वाजवण्याआधी तिथल्या जाणत्यांना विचारा.

हर्णैची लेक:

मामाला माजघर दादांचं उत्तर वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, उठून त्या माणसाला फोनवर नाही म्हणून आला. आता मुख्य प्रश्न राहिला. घर बंद असतं. जुलैत भिंती पाझरतात. पेटी मुंबईला नेऊ की इथेच?

चावीवाला (राजापूर):

घर बंद असेल तर न्या. वस्तू जिथली तिथे राहावी असं मलाही वाटतं, पण बंद चिरेबंदी घरात पावसाळ्यात लाकूड, धातू, कागद सगळंच हरतं, आणि वाळवी वेगळी. मुंबईही दमटच, पण तिथे रोज कुणाची तरी नजर पडेल. आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर घ्या, चाळीस ते पन्नास टक्के राहिली तर उत्तम. कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब, जमिनीपासून वर. आत निळी सिलिका जेल ठेवा. ती गुलाबी झाली की ओव्हनमध्ये मंद तापवून पुन्हा निळी करायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीही बांधू नका, आतच घाम धरतो. डांबराच्या गोळ्या मी टाळतो. तबकड्या सरळ उभ्या, एकाच मापाच्या शेजारी शेजारी, तिरक्या रेललेल्या नकोत. एकावर एक रचल्या की खालच्या तडकतात. आणि वाजवून झाल्यावर स्प्रिंग पूर्ण उतरू द्या, चावी भरलेली ठेवायची नाही.

वाजवायचा विचार कराल तेव्हा वेग बघा. लेबलाखाली कागदाचा कपटा अडकवा आणि घड्याळ लावून फेरे मोजा, मिनिटाला ७८ आले पाहिजेत. पण ती पाकिटावरच्या तारखेची तबकडी या यंत्रावर लावू नका. साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या वर जातो, प्रत्येक वाजवणीत खाच झिजते. तिचं आधी विजेच्या टर्नटेबलवर, ७८ ची जाड टोकाची सुई लावून, संगणकावर मुद्रण करून घ्या. एलपीची सुई लावू नका, ती खाचेच्या तळाला खरडते. पेटीवर साध्या, दोन-दोन असलेल्या तबकड्या वाजवा.

हर्णैची लेक:

तबकडी ठेवायच्या कप्प्याखाली आत्ता एक पत्र्याची डबी मिळाली. कुत्र्याचं चित्र, आत सुया. मोजल्या, एकशे बारा. काही तांबूस झाल्यात. एवढ्या आहेत तर वापरू?

तबकडी ७८:

डबीत दोनशे यायच्या. म्हणजे अठ्ठ्याऐंशी तुमच्या पडवीत वाजल्या असाव्यात, कारण पोलादी सुई एका बाजूला एकदाच वापरायची असते. त्या डबीत तशाच राहू द्या. गंजाचं टोक तबकडी कापतं. नव्या सुया मिळतात, मंद आवाजाच्या मागवा.