बारा वर्षांच्या डिझेल पिकअपचे इंजिन काम काढावे, की गाडी विकून टाकावी?

माळशेजवाहक (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २०१३ सालची, अडीच लिटरच्या कॉमन रेल टर्बो डिझेल इंजिनाची पिकअप आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव आले की चर्चा इंजिनावरून उठून कंपनीवर जाऊन बसते. हंगामात नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून माळशेज घाटाने कल्याणला किंवा वाशीला, आणि एरवी कांदा, खत, सिमेंट असे मिळेल ते भाडे, हे तिचे काम आहे. रनिंग सव्वातीन लाख किलोमीटरच्या पुढे गेले आहे.

गेल्या पावसाळ्यापासून सकाळच्या पहिल्या स्टार्टला पांढरट धूर येतो, भरलेली गाडी घाट चढताना मागून काळा धूर सोडते, दोन ऑइल बदलांच्या मध्ये दोन-अडीच लिटर ऑइल वरून टाकावे लागते आणि ॲव्हरेज तेरावरून अकरावर आले आहे. आमच्या मिस्त्रींनी फक्त आवाज ऐकून आणि धूर पाहून ‘पूर्ण इंजिन काम काढा’ असे सांगितले असून बोअर, पिस्टन-रिंग, बेअरिंग, हेडचे काम आणि मजुरी धरून एक लाख दहा हजारांचा अंदाज दिला आहे. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर आणि हवा दाबून भरणारा टर्बो त्यात धरलेले नाहीत. क्लच आणि मागचे पाटे गेल्या वर्षीच झाले आहेत. गाडी आहे त्या स्थितीत विकली तर सव्वादोन लाखांच्या आसपास मागणी आहे.

एवढा खर्च या वयाच्या गाडीवर करावा का, आणि केला तर त्यामागून आणखी कोणते खर्च उभे राहतात, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पंपनोझल

आपल्या मिस्त्रींचे निदान कदाचित बरोबरही निघेल, पण आवाज आणि धूर एवढ्याच आधारावर लाखाचे काम काढणे योग्य नाही. आपण सांगितलेल्या चार लक्षणांची कारणे वेगवेगळी असू शकतात आणि त्यांतील दोन तरी इंजिन न उघडता दूर होण्यासारखी आहेत.

घाटातला काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर, टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा फाटलेला होज, त्याची सैल क्लिप, जळका वायू परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआरमध्ये साचलेली काजळी किंवा झिजलेला इंजेक्टर, यांपैकी काहीही त्याला पुरते. होजची चीर बहुधा खालच्या बाजूला असते आणि गाडी उभी असताना दिसत नाही. ती ओलसर तेलकट डागावरून ओळखावी लागते. सकाळच्या पांढऱ्या धुराला कच्च्या डिझेलचा, डोळ्यांना झोंबणारा वास असेल तर इंजेक्टर गळतो आहे किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर) कमी आहे. वास गोडसर असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे पाहावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, पण तेही नेहमी रिंगमधूनच वर येते असे नाही. इंजिनाच्या खालच्या पेटीतली, म्हणजे क्रँककेसमधली, हवा बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबला की तिथला दाब ऑइलला टर्बोच्या तोंडाशी ढकलतो, आणि टर्बोचे सील गेले असेल तरी इंटरकूलरच्या पाइपात ऑइल साचते. तो पाइप सोडून बोट फिरवून पाहण्यास पैसे पडत नाहीत.

यानंतर तीन तपासण्या कराव्यात. इंजिन गरम आणि स्लोवर असताना ऑइलचे झाकण काढून तोंडावरच उलटे ठेवावे. ते किंचित थरथरले तर चालते, उडून पडले तर ब्लो-बाय आहे, म्हणजे सिलिंडरमधला वायू रिंगमधून खाली गळतो आहे. दुसरी तपासणी इंजेक्टरच्या रिटर्नची, म्हणजे न फवारता परत जाणाऱ्या डिझेलची. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या सोडून प्रत्येकीला सलाइनची नळी आणि औषधाची एकाच मापाची रिकामी बाटली लावतात आणि इंजिन काही मिनिटे चालवतात. चारही बाटल्या जवळपास सारख्या भरल्या तर इंजेक्टर ठीक. एखादी इतरांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून झिजला आहे. तिसरी तपासणी कॉम्प्रेशनची. तिच्यात येणाऱ्या आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक अधिक बोलका असतो, कारण आकडा गेजप्रमाणे आणि बॅटरीप्रमाणे थोडाफार बदलतो.

कॉमन रेलमध्ये, म्हणजे सर्व इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल पुरवणाऱ्या रचनेत, ते हजार बारच्या पुढच्या दाबाने खेळते आणि इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनचीच असते. त्यामुळे डिझेलमधल्या पाण्याचे थेंब आणि बारीक कचरा जुन्या पंप-नोझलच्या इंजिनाने जसा पचवला, तसा हे इंजिन पचवत नाही. बॅरलमधून डिझेल भरण्याची सवय असेल तर ती सोडावी आणि फिल्टरखालचे पाणी पावसाळ्यात वरचेवर काढावे. आमच्याकडे नोझल आणि व्हॉल्व्ह बदलून एका इंजेक्टरच्या दुरुस्तीला साधारण चार ते सहा हजार आणि नव्या इंजेक्टरला त्याच्या तिप्पट लागतात. नवा बसवल्यावर त्याचा कोड स्कॅनरने ईसीएममध्ये (इंजिनाच्या संगणकात) भरावा लागतो. ते न करता गाडी हातात देणारे गॅरेज टाळावे.

आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. इंजिन तापते म्हणून पूर्वी कोणी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरचे पाणी अडवणारी झडप) काढून टाकला आहे का? हा उपाय आपल्याकडे सर्रास केला जातो. त्याने इंजिन कायम थंड चालते, सकाळचा धूर वाढतो, ॲव्हरेज पडते आणि बोअर लवकर झिजतो.

हिशेबनीस

तांत्रिक बाजू वर आलीच आहे, म्हणून मी फक्त आकडे मांडतो. महिन्याला अडीच हजार किलोमीटर धरले तर तेराच्या ॲव्हरेजला सुमारे १९२ लिटर आणि अकराला सुमारे २२७ लिटर डिझेल लागते. नव्वद रुपये लिटरने हा फरक महिन्याला तीन हजारांवर जातो, म्हणजे नुसते ॲव्हरेज परत आले तरी वर्षाला सदतीस-अडतीस हजार वाचतात. वरून टाकल्या जाणाऱ्या ऑइलचे पैसे वेगळे.

नवी गाडी घेतली आणि आठ लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे सतरा हजार दोनशे बसतो. त्यामुळे आपल्या मिस्त्रींचा पूर्ण अंदाज म्हणजे साडेसहा हप्त्यांइतकी रक्कम होते. दुरुस्तीनंतर गाडी दोन वर्षे नीट चालली तरी हिशेब दुरुस्तीच्या बाजूने जातो. मात्र गाडी भर हंगामात वाटेत बंद पडली, तर टोचनचा खर्च, हातचे भाडे आणि सडलेल्या टोमॅटोवरून व्यापाऱ्याशी होणारा वाद हेही त्याच वहीत लिहावे लागते. जुन्या गाडीचा खरा खर्च स्पेअरपेक्षा या बंद दिवसांत असतो, आणि तो बहुतेक जण लिहीतच नाहीत.

कागदपत्रांचा खर्च वयाप्रमाणे कमी होत नाही. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी विमा जून २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १६,०४९ रुपये अधिक जीएसटी असा असून तो जुन्या आणि नव्या गाडीला सारखाच आहे. आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी पासिंग करावे लागते, राज्याचा पर्यावरण कर लागू होतो आणि पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर पासिंगचे शुल्क एकदम वाढते. आपली गाडी २०२८ मध्ये पंधरा वर्षांची होईल. म्हणून इंजिनावरचा खर्च त्या तारखेच्या आत वसूल होतो का, एवढेच पाहावे.

विकायचेच ठरले तर हेही ध्यानात घ्यावे की सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्यावर जुन्यांचे भावही त्यामागे खाली आले आहेत. सव्वादोन लाखांची मागणी त्याआधीची असेल, तर ती पुन्हा विचारून घ्यावी.

देशावरचा

माझे मत थोडे वेगळे आहे. इंजिन नवे केले तरी गाडी जुनीच राहते. आज इंजिन, सहा महिन्यांनी गिअरबॉक्सचे बेअरिंग, मग क्राउन-पिनियन, मग स्टिअरिंग, असे एकामागून एक निघत जाते, कारण नव्या इंजिनाची ओढ वाढते आणि आतापर्यंत निभावून नेलेले जुने भाग तिच्यासमोर हार मानतात. मी माझी बीएस-३ (जुन्या प्रदूषण मानकाची) गाडी पूर्ण काम काढण्याऐवजी विकली आणि एकाच मालकाने वापरलेली बीएस-४ गाडी घेतली.

मात्र घेताना बीएस-६ टाळली, आणि त्याचे कारण माझ्या धंद्यात आहे. माझी गाडी गाव ते मोंढा अशा छोट्या फेऱ्या करते आणि बाजारात तासन् तास रांगेत चालू राहते. अशा वापरात धूर गाळणाऱ्या डीपीएफला साचलेली काजळी जाळण्याइतकी उष्णता मिळत नाही, ही जाळणी (रिजनरेशन) अर्धवट राहते, मीटरवर दिवा लागतो आणि कधी कधी न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. आपला मार्ग लांबचा असल्याने आपल्याला हा त्रास कमी होईल, तरीही १ एप्रिल २०२० नंतरची सेकंडहँड गाडी पाहताना डीपीएफ जागेवर आहे की काढून नुसता पाइप जोडला आहे, हे खाली वाकून पाहावे.

दुसरे म्हणजे, नारायणगावचा क्रेट वीस किलोचा धरतात. सव्वा टन पासिंगच्या गाडीत रिकाम्या क्रेटचे वजन मिळवून साठेक क्रेटच नियमाने बसतात. प्रत्यक्षात किती बसवतात ते आपण जाणताच. ते बदलणार नसेल तर दुरुस्तीच्या आयुष्याचा कोणाचाही अंदाज खरा धरू नये.

पंपनोझल

@देशावरचा, ओव्हरलोडबद्दल पूर्ण सहमत. पण ‘एकामागून एक निघत जाते’ हे सेकंडहँड गाडीलाही तितकेच लागू आहे. फरक एवढाच की आपल्या गाडीचे काय झाले आहे ते आपल्याला माहीत असते आणि दुसऱ्याच्या गाडीचे किलोमीटर कोणी मागे फिरवले आहेत ते माहीत नसते.

किनारपट्टी

मी रत्नागिरीकडचा असल्याने माझा पहिला प्रश्न चासीचा आहे. आमच्या खाऱ्या हवेत इंजिन ठणठणीत असताना चासी जाते. आपली गाडी घाटावरची असली तरी मासळी किंवा मीठ कधी वाहिले असेल तर मागच्या पाट्यांचे हँगर जिथे चासीला रिव्हेट केलेले असतात तो भाग, आणि हौद्याखालचे आडवे मेंबर, हातोडीने हलके ठोकून पाहावेत. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे; भद्द आवाज आला, पापुद्रे पडले किंवा रिव्हेटजवळ बारीक तडा दिसला, तर इंजिनावर एक रुपयाही घालू नये. वेल्डिंगची पट्टी मारलेली चासी पासिंगला अडते आणि घाटात तर ती धोक्याचीच.

माळशेजवाहक

सर्वांचे मनापासून आभार. नारायणगावातल्याच दुसऱ्या एका डिझेल गॅरेजमध्ये तपासण्या करून घेतल्या. रिटर्नच्या बाटल्यांमध्ये तिसऱ्या सिलिंडरची बाटली तोंडापर्यंत भरली तेव्हा बाकीच्या तिन्ही अर्ध्याखाली होत्या. ऑइलचे झाकण थरथरते, पण उडत नाही. इंटरकूलरच्या पाइपात ऑइल बरेच आहे, टर्बोच्या शाफ्टला मात्र हाताला जाणवण्याइतकी ढिलाई नाही, आणि ब्रीदर काळ्या चिकट गाळाने जवळजवळ बंद झाला होता. थर्मोस्टॅट खरोखरच जागेवर नाही. चासी खणखणीत आहे. कॉम्प्रेशन तीन सिलिंडरचे जवळपास सारखे आणि चौथ्याचे सुमारे चार बारने कमी आहे. त्यामुळे आता हेड उतरवावेच लागणार का, आणि उतरवलेच तर चारही बोअर करून घ्यावेत का, एवढा प्रश्न उरला आहे.

पंपनोझल

घाईने हेड उतरवू नये. आधी ब्रीदर साफ करून, थर्मोस्टॅट बसवून आणि तिसऱ्या इंजेक्टरची दुरुस्ती करून ऑइल बदलावे आणि हजारभर किलोमीटर चालवून ऑइलचा खप पुन्हा मोजावा. सकाळचा धूर आणि ऑइलची घट यांतील मोठा भाग तिथेच जाईल असे मला वाटते. गरज नसताना टर्बोला हात लावू देऊ नका.

चौथ्या सिलिंडरसाठी लीक-डाउन तपासणी करून घ्यावी. त्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, इंजेक्टरच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडतात. अशा वेळी हवा पिस्टनला खाली ढकलते आणि इंजिन अचानक फिरते, म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढलेला असावा आणि कोणाचाही हात बेल्टजवळ नसावा. मग कान लावायचा. हवा एअर फिल्टरच्या बाजूने फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या तोंडातून आली तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा.

व्हॉल्व्ह निघाला तर हेड उतरवून व्हॉल्व्ह-सीट, गाइड, ऑइल सील आणि गरज असल्यास हेडचा फेस (खालची सपाट बाजू) घासणे एवढेच काम करावे. आमच्याकडे ते गॅस्केटसकट वीस-पंचवीस हजारांत होते. रिंग निघाली आणि ऑइलचा खप तरीही कमी झालेला नसेल, तर मात्र चारही सिलिंडर एकदमच करावेत, कारण एकाच बोअरचे काम करून उरलेले तीन जुने ठेवले तर मजुरी दोनदा पडते. त्या वेळी क्रँक मोजून घ्यावा, बोअरिंगच्या दुकानातून मापे बिलावर लिहून घ्यावीत, टर्बोची ऑइल पाइप आणि इंटरकूलर धुवून मगच जोडावेत, आणि पहिले हजार किलोमीटर निम्म्या वजनाने चालवून ऑइल बदलावे. हे काम हंगामाच्या तोंडावर काढू नये; नवे इंजिन पहिल्याच आठवड्यात भरल्या क्रेटसह माळशेज चढवले, तर रिंग बोअरला नीट बसायच्या आतच घासल्या जातील.