मदत हवी आहे: डायनॅमोच्या पायथन नोडमध्ये नेमका कुठला दरवाजा अडतोय ते कसं शोधायचं?

मंडळी, रेव्हिट (इमारतीचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) आणि डायनॅमो (त्यात 'नोड' नावाचे ठोकळे जोडून कामं आपोआप करून घ्यायचं साधन) वापरणारे कोणी असाल तर जरा बघा ना. हॉस्पिटलचं मॉडेल आहे, दरवाजे ढीगभर, आणि प्रत्येकात 'डोअर कोड' नावाचा शेअर्ड पॅरामीटर (सगळ्या प्रकारच्या दरवाज्यांत सारखाच वापरता येणारा माहितीचा रकाना) एक्सेलवरून भरायचाय. एक्सेल वाचणं, लिस्ट जुळवणं सगळं साध्या नोडनी होतंय, फक्त व्हॅल्यू टाकायचं काम पायथन नोडकडे, लूप एकेका दरवाज्यावर फिरतो, लुकअपपॅरामीटरने नावावरून पॅरामीटर शोधतो, मग सेटने व्हॅल्यू टाकतो, बास. तळमजल्याचे दरवाजे दिले की मस्त चालतं, अख्खं मॉडेल दिलं की नोड पिवळा (म्हणजे गडबड) आणि नन-टाइपला (नन म्हणजे 'काहीच नाही') सेट नाही म्हणून बोंब. ओळ नंबर देतो पण ती ओळ लूपच्या आतली, म्हणजे त्याचा काय उपयोग? प्रिंट टाकलं तर नोडखाली काहीच उमटत नाही. अनरॅपएलिमेंट (डायनॅमोच्या वस्तूतून रेव्हिटची मूळ वस्तू काढणं) आहे, ट्रान्झॅक्शन (मॉडेल बदलायला लागणारा व्यवहार) आहे, पायथन चालवणारं इंजिन सीपायथन ३, त्यामुळे तेच परत सांगू नका प्लीज. सोमवारी मॉडेल द्यायचंय.

उत्तर १:
प्रिंटचा नाद सोडा, जे बघायचं ते नोडच्या आऊटमधून (आऊटपुटमधून) बाहेर काढा. लूपच्या बाहेर 'चुका' म्हणून रिकामी लिस्ट करा, लूपच्या आत ट्राय-एक्सेप्ट (चूक आली तरी न थांबता ती पकडणारा कोड), एक्सेप्टमध्ये दरवाज्याचा आयडी आणि ट्रेसबॅक मोड्यूलचं फॉरमॅट_एक्सी (चुकीचा पूर्ण मजकूर) त्या लिस्टमध्ये ढकला, आऊटला ती लिस्ट द्या आणि ती बघायला पुढे वॉच नोड लावा. ट्राय लूपच्या आतच हं, बाहेर घातलात तर पहिल्याच अडलेल्या दरवाज्याला लूप संपेल. मिळालेला आयडी रेव्हिटमध्ये सिलेक्ट बाय आयडीत टाका. आणि लुकअपपॅरामीटरला ते नाव सापडलं नाही तर तो एरर देत नाही, गुपचूप नन देतो, बोंब पुढे सेटला होते. नावात स्पेस किंवा कॅपिटल-स्मॉलचा फरकही चालत नाही.

मूळ धागाकर्ता:
भारी! अडलेले सगळे लिफ्ट लॉबीचे निघाले, एकाच फॅमिलीचे (एकाच साच्यातले). पण प्रॉपर्टीजमध्ये नाव तर अक्षरशः तेच दिसतंय??

उत्तर १:
कुठे दिसतंय, एडिट टाइपमध्ये ना? मग त्या फॅमिलीत तो टाइप पॅरामीटर (एका टाइपच्या सगळ्या दरवाज्यांना मिळून एकच) केलाय, एकेका दरवाज्यावर शोधून मिळणारच नाही. गेटटाइपआयडीने टाइप काढून त्याच्यावर सेट करता येतं, पण मग त्या टाइपच्या सगळ्या दरवाज्यांना एकच कोड बसेल, ते तुम्हाला नकोय. फॅमिली उघडा, पॅरामीटर इन्स्टन्स (दर दरवाज्याला वेगळा) करा, परत मॉडेलमध्ये लोड करा.

मूळ धागाकर्ता:
हो, एडिट टाइपमध्येच. करतो इन्स्टन्स. ट्राय-एक्सेप्ट मात्र आता कायमचं ठेवणार.