हॉलमागचं पार्किंग, जॅमर आणि आपले हक्क

हॉल समितीकडून

नमस्कार मंडळी,
रविवारी मुलांच्या मराठी वर्गाच्या वेळी हॉलमागे बाहेरच्या गाड्या लागलेल्या असतात, पालकांना जागाच उरत नाही. दोन जॅमर विकत घ्यावेत आणि सोडवायचे ५० पौंड आकारावेत, अशी सूचना आली आहे. बैठकीआधी जाणकारांनी कळवावं.

Re: पहिलं उत्तर

ताई, जॅमर अजिबात घेऊ नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१२ पासून कायदेशीर अधिकार नसताना तो लावणं फौजदारी गुन्हा आहे: प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२, कलम ५४. जागा आपली असली, फलक भिंतीएवढा असला, तरी फरक पडत नाही. पूर्वी कंपन्या ‘फलक वाचून गाडी लावली म्हणजे संमती दिली’ या मुद्द्यावर पैसे उकळायच्या. कलमाने नेमकी तीच पळवाट बंद केली आहे. दंडाला वरची मर्यादा नाही, आणि तो जॅमर लावणाऱ्या आपल्या स्वयंसेवकाला होईल.

हे फक्त जॅमरपुरतं नाही. परक्या गाडीच्या मागे मुद्दाम आपली गाडी आडवी लावणं, साखळी घालणं, टो करून दुसरीकडे नेऊन ठेवणं, सगळं त्याच कलमात येतं. सूट आहे ती कायम बसवलेल्या फाटकाला किंवा बॅरियरला. गाडी लावली तेव्हा ते तिथे असलं पाहिजे (उघडं असलं तरी चालेल) आणि चालकाची त्याला संमती असली पाहिजे. ती फलकावरून गृहीत धरता येते, म्हणून ‘फाटक अमुक वाजता बंद होईल’ हा फलक आत शिरतानाच दिसेल असा लावा. गाडी आत आल्यावर आणलेली साखळी या सवलतीत बसत नाही.

माझ्या मते आपल्याला कुलपाचे, आडवे पडणारे खांब पुरेत. आठवडाभर उभे ठेवायचे, वर्गाच्या आधी खाली करायचे. गाडी उभी असताना खांब वर करून तिला कोंडायचं मात्र नाही.

Re: उलट प्रश्न

दादा, आणि आपल्याच गाडीला कुणी जॅमर लावला तर? पोलीस म्हणे लक्ष घालत नाहीत.

Re: Re: उलट प्रश्न

आधी जॅमर कुणाचा ते बघा. काचेवरचा कागद नीट वाचा, पुढचं सगळं त्यावर ठरतं.

डीव्हीएलएचा (गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेचा) असेल तर गाडीचा टॅक्स थकलेला असतो. डीव्हीएलए खासगी जागेतही लावू शकते, पण कीपरच्या (ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे त्याच्या) स्वतःच्या घराच्या आवारात नाही. सोडवायला १०० पौंड. टॅक्स भरल्याचं दाखवता आलं नाही तर कारसाठी १६० पौंड अनामत. २४ तास उलटले की गाडी उचलतात आणि खर्च वाढत जातो, तेव्हा इथे वाद घालत बसू नका.

बेलिफांचा (थकलेलं कर्ज किंवा दंड वसूल करणाऱ्यांचा) असेल तर कागदावर संदर्भ क्रमांक आणि फोन असतो. जॅमर लावल्यापासून किमान दोन तास त्यांना गाडी हलवता येत नाही. तेवढ्या वेळात कर्ज कुणाचं, गाडी कुणाची हे पुराव्यानिशी कळवा. जुन्या मालकाच्या कर्जापायी नव्या मालकाची गाडी अडकल्याची प्रकरणं होतात. ब्लू बॅज (अपंगांसाठीचा पार्किंग परवाना) लावलेली, अपंग व्यक्तीसाठी वापरली जाणारी गाडी त्यांना घेता येत नाही. रेल्वे स्टेशन आणि विमानतळाच्या काही जागांना स्वतःचे बायलॉज (कायद्याचं बळ असलेले स्थानिक नियम) असतात, तिथलाही फलक वाचा.

यातलं काहीच नसेल तर जॅमर बहुतेक बेकायदा. चाक, जॅमरवरचा नंबर, फलक आणि जॅमर लावणाऱ्यांची व्हॅन नंबरप्लेटसकट, सगळ्यांचे फोटो काढा. पोलिसांना १०१ वर फोन करा. धमकी दिली तर ९९९, म्हणजे तातडीचा नंबर. ‘ही सिव्हिल बाब आहे’ असं उत्तर मिळालं तर ‘कलम ५४, प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट’ असं शब्दशः सांगा आणि संदर्भ क्रमांक मागा. बऱ्याचदा पलीकडच्या माणसाला कलम माहीतच नसतं.

गाडी पुढे-मागे करून बघू नका. जॅमर चाकाबरोबर फिरतो आणि मडगार्ड, अलॉय, ब्रेकची नळी यांचं नुकसान करतो. ग्राइंडरही नको, जॅमर कापणाऱ्यावर मालमत्तेच्या नुकसानीचा खटला होऊ शकतो. अडलंच आणि पैसे द्यावे लागले, तर कार्डाने द्या, नावासकट पावती घ्या आणि तिच्यावर ‘निषेध नोंदवून पैसे दिले’ असं इंग्रजीत लिहा. ती पावती पुढे स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या दिवाणी दाव्यात) उपयोगी पडते.

Re: बेलफास्ट आणि ग्लासगोवाल्यांसाठी

स्कॉटलंडमध्ये १९९२च्या ब्लॅक विरुद्ध कारमायकल निकालापासून खासगी जागेतला जॅमर हा चोरी आणि खंडणीचा प्रकार ठरतो. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र तो अजून कायदेशीर आहे, त्यामुळे वरचा सल्ला तिथे जसाच्या तसा वापरू नका. तिथे लावणाऱ्याकडे एसआयएचा (खासगी सुरक्षा व्यवसायाच्या सरकारी नियामकाचा) परवाना हवा. ब्लू बॅज लावलेल्या गाडीला जॅमर लावता येत नाही. पैसे घेतले की ठिकाण, तारीख, स्वतःचं नाव, सही आणि परवाना क्रमांक असलेली पावती द्यावीच लागते.

Re: खासगी तिकीट

जॅमर गेले, त्यांच्या जागी खासगी कंपन्यांची पार्किंग चार्ज नोटीस आली. ती दंड नव्हे, करारभंगाची मागणी असते. पण २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस खटल्यात ८५ पौंड योग्य ठरवले, म्हणून पत्र केराच्या टोपलीत टाकू नका.

काचेवर तिकीट न लावता कॅमेऱ्यावरून नोटीस आली असेल तर ती कीपरला १४ दिवसांच्या आत पोचायला हवी. उशिरा आली तर त्याच प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टखाली पैसे कीपरकडून वसूल करता येत नाहीत, चालकाच्याच मागे लागावं लागतं. अपिलात ‘मी गाडी लावली होती’ असं लिहिलं की हा बचाव गेला. ‘गाडीचा नोंदणीकृत कीपर या नात्याने’ एवढंच लिहा. कंपनीने नाकारलं तर ती ज्या संघटनेची सभासद असेल त्याप्रमाणे पॉप्ला किंवा आयएएस या अपील संस्थेकडे जा. कोर्टाची कागदपत्रं आली तर पोच १४ दिवसांत द्या. गप्प बसलात तर एकतर्फी सीसीजे (पैसे भरण्याचा दिवाणी कोर्टाचा निकाल) लागतो, आणि तो महिन्याच्या आत भरला नाही तर सहा वर्षं तुमच्या पतनोंदीत राहतो.

Re: हॉल समितीकडून

जॅमरची सूचना मागे घेतली आहे. सहा खांबांची कोटेशन्स मागवते. फाटकावरच्या फलकाचा मजकूर छापण्याआधी दादांनी एकदा नजरेखालून घालावा ही विनंती.