गळके वेडर स्वस्तात दुरुस्त करावे की टाकून द्यावे?

धागाकर्ता, आष्टा

माझ्या ओळखीच्या एका मासेमाराने गेल्या आठवड्यात दुसऱ्याच वर्षातले वेडर टाकून दिले. पंक्चरवाल्याकडून दोनदा ठिगळ लावूनही ते मांडीपाशी गळतच होते. छातीपर्यंत येणारी, खाली बूट जोडलेली ही पँट थंडीत भल्या पहाटे वारणेत उतरणाऱ्याला किती आधार देते, हे मला ठाऊक असल्याने फार वाईट वाटले. माझ्या मते दोष त्या वेडरचा नव्हता, चुकीच्या सोल्यूशनचा होता.

स्वस्तातले वेडर बहुधा पीव्हीसीचे असतात आणि पंक्चरचे सोल्यूशन असते रबराच्या ट्यूबसाठी. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य मिसळलेले असते, ते हळूहळू बाहेर येऊन रबरी सोल्यूशनला ढिले करते, त्यामुळे पहिल्या दिवशी घट्ट बसलेले ठिगळ काही दिवसांनी नखाने उचलले जाते. पाइप जोडायचे सॉल्व्हंट सिमेंट पीव्हीसीला धरते खरे, पण वाळल्यावर कडक होते आणि गुडघा दुमडला की तडकते. फेविक्विकचीही तीच गत होते. मी एकदा शेततळ्याच्या उरलेल्या कागदाचा तुकडा लावून पाहिला होता. तो कागद पॉलिथिनचा असतो आणि नेहमीचा कोणताही गोंद त्याला धरत नाही, म्हणून पहिल्याच फेरीत तो सालीसारखा सुटून आला.

पीव्हीसीला पीव्हीसीचाच तुकडा आणि वाळल्यावर लवचिक राहणारा पीव्हीसीचाच गोंद लागतो. ट्रकची ताडपत्री शिवणाऱ्यांकडे अशी कातरणे पडलेली असतात. भोक शोधण्यासाठी मी वेडरचे वरचे तोंड पिळून सुतळीने बांधतो, सायकलच्या पंपाने थोडी हवा भरतो आणि साबणाचे पाणी लावतो. मागच्या खेपेला डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक उठताना दिसले; भोक इतके बारीक होते की नुसत्या डोळ्यांना ते सापडलेच नसते. तिथे पेनाने खूण केली, वेडर आतून-बाहेरून वाळवले, पॉलिश पेपरने जागा खरवडली, ठिगळाचे कोपरे गोल कापले आणि गोंद लावून एक दिवस वजनाखाली ठेवले. त्या जागेतून आजवर थेंबही आत आलेला नाही.

प्रतिसाद, कराड

आपण सांगितलेली पद्धत एखाद्या काट्याने पडलेल्या भोकापुरती योग्य आहे, परंतु त्यावरून गळके वेडर दुरुस्तच करावे असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. माझ्या वेडरची दोन पायांमधली शिवण सुटली, ती मी चिकटवली. पुढच्या महिन्यात तिच्या वीतभर खाली सुटली, तीही चिकटवली. मग पोटरीपाशी सुटली. एका कारखान्यात एकाच दिवशी जोडलेल्या शिवणी साधारण एकाच सुमाराला दमतात. त्या हंगामात गोंद, कातरणे आणि हेलपाटे यांवर माझा जो खर्च झाला, त्यात आणखी थोडी भर घातली असती तर नवे वेडर आले असते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कोयनेच्या पायथा वीजगृहाची दोन्ही युनिटे सुरू झाली की नदीपात्रात २,१०० क्युसेक पाणी येते. अशा नदीत उभे असताना ठिगळ सुटले, तर माणूस पाण्याच्या वाढीकडे लक्ष देईल की पायात भरणाऱ्या पाण्याकडे? उन्हाळ्यात तर मी हाफ पँट आणि जुने कॅनव्हासचे बूट घालूनच उतरतो.

प्रतिसाद, आटपाडी

हाफ पँटचा सल्ला हौसेने गळ टाकणाऱ्यांसाठी ठीक आहे. आमच्याकडे शेततळ्यात जाळे ओढणारी माणसे कंबरभर गार पाण्यात सकाळचे तीन-चार तास उभी असतात, आणि तिथे वेडर नसेल तर दुसऱ्या दिवशी कामाला माणूस येत नाही. चार जोड एकदम नवे घेणे मला परवडत नाही, म्हणून मी दुरुस्तीच्याच बाजूचा आहे. फक्त एक सांगतो, वेडर उन्हात वाळत टाकू नका. आमचे दोन जोड पत्र्यावर टाकल्यामुळेच कडक होऊन तडकले.

धागाकर्ता, आष्टा

कराडच्या मित्रांचा शिवणीचा मुद्दा मी अर्धा मान्य करतो. गुडघ्यामागचा भाग चिमटीत दुमडून पाहावा. तिथे बारीक भेगांची जाळी दिसली तर पीव्हीसीच मेले आहे आणि त्यावर गोंद वाया घालवू नये. पण एका बाभळीच्या काट्यासाठी अडीच हजारांची वस्तू टाकणे मला पटत नाही, आणि तो काटा नव्या वेडरलाही पहिल्याच दिवशी लागू शकतो.

धोक्याबद्दलही नेमके बोलू या. आत शिरलेले पाणी बाहेरच्या पाण्याइतकेच जड असते, त्यामुळे ते माणसाला तळाशी ओढत नाही. अडचण काठावर चढताना येते, कारण तेव्हा ते सगळे पाणी पायांनी उचलावे लागते. त्यासाठी छातीखाली पट्टा घट्ट बांधावा म्हणजे वरून पाणी भराभर शिरत नाही. हा पट्टा नव्या वेडरलाही तितकाच आवश्यक आहे. धरणातून पाणी सुटणार असेल त्या दिवशी तर वेडर नवे असो वा जुने, कोणी पात्रात उतरूच नये.

प्रतिसाद, कराड

पट्ट्याचे पटले, माझ्या वेडरचा पट्टा मीच काढून ठेवला होता, तो आज पुन्हा लावला. भेगांची खूणही उपयोगी आहे. तरीही सुटलेल्या शिवणीबाबत माझे मत बदललेले नाही. ते वेडर मी आता पोटऱ्यांपासून कापून ठेवले आहे, त्याचे पीव्हीसी अजून मऊ आहे आणि ठिगळांसाठी कोणाला हवे असल्यास कराडहून घेऊन जावे.